पन्हाळ्यावरच्या दोन राण्यांचं राजकारण पडद्यावर येऊ द्या : मराठी ऐतिहासिक चित्रपट करणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणा एका दिग्दर्शकाला लिहिलेलं नाही. मराठीत ऐतिहासिक चित्रपट लिहिणाऱ्या, काढणाऱ्या, त्यात पैसा घालणाऱ्या आणि त्यांचा कपडेपट सांभाळणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे. मी पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. गडावरचा ‘ताराबाईंचा वाडा’ म्हणून दाखवतात तो वाडा माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. तिथे राहणाऱ्या बाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली, एवढंही त्यांना ठाऊक असतं. त्याच बाई पुढे त्याच गडावर सोळा वर्षं कैदेत होत्या, हे मात्र जवळपास कोणालाच ठाऊक नसतं. त्यांना कैदेत टाकणारी त्यांची सवत राजसबाई होती हे सांगितलं, की वर्गात लगेच हसू फुटतं. सवती म्हणजे भांडण आणि भांडण म्हणजे नवरा, दागिने नि मत्सर, एवढंच त्या मुलांनी पडद्यावर पाहिलं आहे. मुलांचा त्यात काही दोष नाही.

गेल्या काही वर्षांत शिवकालावर चित्रपट एकामागून एक आले आणि चालले. राजे झाले, सरदार झाले, लढाया झाल्या. आता राण्यांची पाळी आहे, आणि ती यायलाच हवी होती. पण एका घरात दोन राण्या आल्या की आपल्या पटकथा एकाच वाटेने जातात. एक राणी सोशिक, दुसरी कपटी. कपटी राणीला मुलाच्या गादीची हाव, सोशिक राणीला राज्याची चिंता. पडद्याआडून ऐकणारी दासी, विषाचा पेला, खलिता चोरणारा कारभारी, शेवटी पश्चात्ताप. या साच्यात सोयराबाई कधीच्या बसवल्या गेल्या आहेत. उद्या राजसबाईंनाही त्यातच बसवाल, अशी मला भीती वाटते. म्हणून वेळीच लिहिते.

आधी सोयराबाईंबद्दल दोन वाक्यं, कारण ताराबाईंची गोष्ट तिथूनच सुरू होते. शिवाजी महाराज एप्रिल १६८० मध्ये गेले आणि काही दिवसांतच रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. त्यामागे त्यांच्या आई सोयराबाई होत्या आणि अष्टप्रधानांतले काही वजनदार मंत्रीही होते. मंत्र्यांना थोरले संभाजीराजे नको होते, त्यांची कारणं दरबारातली होती. चित्रपटात मंत्री बाजूला सरकतात आणि सगळं पाप एका सावत्र आईच्या पदरात पडतं. त्याच वर्षी संभाजीराजांनी बाकरे घराण्याला दिलेल्या दानपत्रात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे. १६८१ मध्ये सोयराबाई वारल्या. तो मृत्यू कसा झाला याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. आणि ज्यांच्या पाठिंब्यावर संभाजीराजांची गादी पक्की झाली ते सरसेनापती हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ होते. त्यांनी बहिणीची बाजू घेतली नाही.

या हंबीररावांची लेक म्हणजे ताराबाई. ज्या राजारामांसाठी आत्याने सगळं पणाला लावलं, त्यांच्याशीच पुढे ताराबाईंचं लग्न झालं. आत्याचा डाव वडिलांनी उधळला होता, हे त्या मोहित्यांच्या घरात ऐकतच मोठ्या झाल्या असणार. पटकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली सुरुवात कुठे मिळेल? मला तरी ती अजून कुठल्या पडद्यावर दिसलेली नाही.

राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर वारले. तेव्हा औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मागे राहिलेल्या राण्यांपैकी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. ताराबाईंना शिवाजी नावाचा चार वर्षांचा मुलगा होता, राजसबाईंना संभाजी नावाचा दोन वर्षांचा. ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. त्यांचं वय पंचविशीचं.

इथे मला वेशभूषाकारांशी बोलायचं आहे, कारण या विषयावर चित्रपट निघेल तेव्हा जाहिरातीत पहिला दिसेल तो कपडा.

ताराबाई म्हटलं की भरजरी नऊवारी, टपोऱ्या मोत्यांची नथ, कपाळावर चंद्रकोर, गळ्यात साज, हातात तलवार हे चित्र आता ठरून गेलं आहे. पण त्यांनी राज्य चालवलं ते विधवा म्हणून. राजसबाईही विधवाच. १७०० ते १७१४ या काळात एकमेकींसमोर उभ्या असलेल्या या दोघींच्या अंगावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, चुडा नाही. दोन राण्यांमधल्या झगड्याचा चित्रपट आणि दोघींपैकी एकीच्याही कपाळावर कुंकू नाही, ही कल्पना करून बघा. नवऱ्यावरून भांडण ही सोय तिथेच संपते. उरतो तो राज्याचा प्रश्न. ज्या समाजात विधवेने मंगल कार्यात पुढे यायचं नाही, तिथे एक पंचविशीची विधवा मुलाची मुंज लावते, त्याला अभिषेक करवते आणि सेनापती धनाजी जाधवांना मोहिमा सांगते. या सगळ्याचं वजन त्या साध्या लुगड्यात आहे. तुम्ही तिला जरीत गुंडाळलंत की ते वजन प्रेक्षकापर्यंत पोहोचणारच नाही.

कपड्यातून राजकारण सांगता येतं, हे बाहेरच्यांनी करून दाखवलं आहे. इंग्लंडची एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट या दोन राण्यांवर २०१८ साली इंग्रजी चित्रपट आला. त्याच्या वेशभूषेला ऑस्करचं नामांकन होतं. मेरी वधस्तंभाकडे जाते आणि तिचा काळा झगा उतरवला जातो तेव्हा आतून लाल वस्त्र दिसतं. हे पटकथाकाराचं डोकं नव्हे. फेब्रुवारी १५८७ मध्ये फॉदरिंगे इथे हजर असलेल्यांनी तशी नोंद करून ठेवली आहे. कॅथलिकांमध्ये लाल हा हौतात्म्याचा रंग. बोलायची संधी मिळेल न मिळेल म्हणून त्या बाईने आपलं म्हणणं कपड्यातून मांडलं, आणि चित्रपटाने ते जसंच्या तसं घेतलं.

त्याच चित्रपटातली दुसरी गोष्ट मात्र मला खटकली. एका परीटघरात टांगलेल्या चादरींच्या आडून दोघी राण्या एकमेकींना भेटतात. प्रत्यक्षात त्या आयुष्यात कधीच भेटल्या नाहीत. मेरी १५६८ मध्ये इंग्लंडच्या आश्रयाला आली, एकोणीस वर्षं नजरकैदेत राहिली, एलिझाबेथच्या सहीने मारली गेली, पण समोरासमोर गाठ पडली नाही. शिलर नावाच्या जर्मन नाटककाराने १८०० साली ती भेट रचली आणि तेव्हापासून नाटक-सिनेमावाल्यांना तिच्यावाचून करमत नाही. त्यांची अडचण मी समजू शकते. दोन राज्यं, दोन राजधान्या, मध्ये नुसता पत्रव्यवहार. नाट्य उभं कसं करायचं?

तुमच्यापुढे ही अडचण नाही. आपल्या राण्या एकाच गडावर होत्या. एकाच तटाच्या आत, एकाच तळ्याचं पाणी पीत, एकमेकींच्या मुलांना वाढताना बघत. भेट रचावी लागणारच नाही. असं असताना आपण खोट्या पेल्यांच्या आणि चोरलेल्या खलित्यांच्या मागे का लागतो?

आता त्यांच्या झगड्याकडे येते. तो समजायला आधी शाहू महाराज समजावे लागतात. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. सात वर्षं तो ताराबाईंचे गड घेत हिंडला. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा त्याने घेतले, कित्येक गड लढून न मिळाल्यामुळे पैसे मोजून घेतले, आणि त्याची पाठ वळली की मराठे ते परत घेत. मराठी फौजा तोवर नर्मदेपलीकडे जाऊ लागल्या होत्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. मराठ्यांबद्दल त्याला प्रेम असण्याचं कारण नाही. तोही लिहितो की ही बाई शहाणी होती, नवऱ्याच्या हयातीतच मुलकी आणि लष्करी कामातल्या जाणतेपणाबद्दल तिचं नाव झालं होतं, आणि तिच्या हाती कारभार आल्यावर मराठ्यांचा जोर दिवसेंदिवस वाढत गेला. ताराबाईंवरच्या काव्यातली ‘भद्रकाली कोपली’ ही ओळ तुम्ही घ्यालच, गाणंही कराल. माझी विनंती एवढीच, की खाफीखानाची साक्षही घ्या.

औरंगजेबानंतर मोगलांनी संभाजीराजांचे पुत्र शाहू यांना सोडून दिलं. सातव्या वर्षी कैद झालेला मुलगा पंचविशीचा होऊन परतला आणि गादी मागू लागला. या वेळी ताराबाईंनी मांडलेला युक्तिवाद बखरींतून आपल्यापर्यंत आला आहे. थोरल्या महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या वेळी गेलं. आज आहे ते माझ्या नवऱ्याने नव्याने उभं केलेलं आहे. त्यावर शाहूचा हक्क कसा? हा युक्तिवाद पटो न पटो, तो कायद्याचा आहे. राज्य वारशाने येतं की कर्तबगारीने, हा प्रश्न त्यात आहे. त्यासोबत त्यांनी आलेला माणूस शाहू नसून तोतया असल्याचंही सांगितलं, आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून आपल्या मुलाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घेतल्या.

हा दूधभाताचा प्रसंग मला पडद्यावर बघायचा आहे. गरम भाताची वाफ, त्यावर ओतलेलं दूध, एकेक सरदार पुढे येतो आणि हात ठेवतो. प्रत्येकाला मोगलांचं, शाहूंचं आणि स्वतःच्या वतनाचं गणित माहीत आहे. समोर बसलेल्या राणीलाही ते माहीत आहे. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हा धनाजी जाधव शाहूंकडे गेले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई मागे सरकल्या आणि काही वर्षांत पन्हाळ्याहून करवीरची म्हणजे कोल्हापूरची वेगळी गादी उभी राहिली.

या दोन गाद्यांमध्ये सगळ्यांत जास्त भरडला गेला तो गावोगावचा वतनदार. साताऱ्याची सनद घ्यावी की पन्हाळ्याची? एका वतनावर भाऊबंदांतल्या एकाने इकडून कागद आणावा, दुसऱ्याने तिकडून. सरदारांना दोन्हीकडून बोलावणी. अशा घरातली एक बाई, एक कुलकर्णी, एक पाटील चित्रपटात आणा. राण्यांचा झगडा शेतापर्यंत कसा पोहोचला हे मग निवेदकाला सांगत बसावं लागणार नाही.

आणि राजसबाई? चौदा वर्षं या बाई काय करत होत्या? आपल्याकडच्या लिखाणात त्या एकदम १७१४ मध्ये उगवतात, कट करतात आणि नाहीशा होतात. मला त्या चौदा वर्षांत फार रस आहे. कागलच्या घाटग्यांची ही लेक. दोन वर्षांचा मुलगा कडेवर असताना विधवा झाली. दुसरी राणी सगळा कारभार हाती घेते आणि हिच्या मुलाचं स्थान काय याचं उत्तर कोणीच देत नाही. गादीजवळ जन्मलेल्या धाकट्या मुलाला त्या काळात दोनच वाटा असत, एक तर गादी नाहीतर पहारा. मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत ही आई ते बघते आहे. बाहेर पन्हाळ्याची बाजू रोज खचते आहे. कान्होजी आंग्र्यांसारखा दर्यावरचा आधारही बाळाजी विश्वनाथांनी शाहूंकडे वळवला. दरबारातल्या जाणत्यांना वाटू लागलं आहे की ताराबाईंच्या हट्टापायी ही गादीही बुडेल. अशा वेळी कोणीतरी राजसबाईंच्या महालाकडे वळलं असेल. १७१४ मध्ये गडावर सत्ता बदलली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसला. बहुतेक इतिहासकार यात रामचंद्रपंत अमात्यांचा हात मानतात.

हे तेच रामचंद्रपंत, ज्यांनी राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य सांभाळलं आणि ज्यांच्या नावावर ‘आज्ञापत्र’ आहे. राज्य कसं चालवावं यावरचा मराठीतला सर्वांत मान्यवर ग्रंथ याच उलथापालथीनंतर, १७१५ च्या सुमारास, याच संभाजीराजांच्या दरबारात तयार झाला. गड, आरमार, वतनदार, सावकार यांविषयी आजही आपण त्यातली वाक्यं उद्धृत करतो. तो लिहिला जात असताना त्याच गडावर ताराबाई पहाऱ्यात होत्या. मग हा सत्तापालट म्हणजे एका मत्सरी सवतीचा डाव, असं कसं म्हणायचं? तो दरबाराचा निर्णय होता, एका आईचाही होता, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. राजसबाईंना त्यांची बाजू भरसभेत मांडू द्या. संवाद असा लिहा की दहा मिनिटं तरी प्रेक्षकाला त्या बरोबर वाटल्या पाहिजेत. ताराबाई माझ्या गावच्या, मला प्रिय, तरी मी हे मागते आहे. समोरची राणी हलकी केली की आपली राणीही हलकी होते.

पुढची सोळा वर्षं चित्रपटात सहसा एका गाण्यात उरकली जातील. कृपा करून तसं करू नका. ताराबाईंचा मुलगा त्याच कैदेत वारला. ज्याच्यासाठी औरंगजेबाशी लढल्या, शाहूंशी लढल्या, तो तिशीच्या आसपास, गादी गमावून, बंदिवासात गेला. त्यानंतरही त्या जगल्या. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणेकाठी करवीरच्या संभाजीराजांच्या छावणीवर छापा घातला आणि राजघराण्यातल्या बायका हाती लागल्या. त्यांत राजसबाई होत्या, त्यांची सून जिजाबाई होती आणि ताराबाईही. शाहूंनी सगळ्यांना सन्मानाने परत पाठवायचं ठरवलं. ताराबाई परत गेल्या नाहीत. कैद इथे काय नि तिथे काय, मी साताऱ्यातच राहते, असं त्या म्हणाल्याचं सांगतात. जिने त्यांना कैद केलं, त्या राजसबाईंकडे पाठ करून ताराबाई आपल्या जुन्या वैऱ्याच्या, शाहूंच्या घरी राहायला गेल्या. एका छावणीत, हरलेल्या अवस्थेत, दोघी राण्या शेवटच्या एकत्र. मोठ्या अभिनेत्री घ्या आणि हा प्रसंग जवळजवळ संवादांविना करा. पुढच्याच वर्षी वारणेचा तह झाला आणि ती नदी दोन राज्यांची शीव ठरली.

इथवर एक चित्रपट पूर्ण होतो. पण ताराबाईंचं आयुष्य इथे थांबत नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शाहूंना मुलगा नव्हता. ताराबाईंनी सांगितलं की माझा एक नातू लपवून वाढवला आहे, पानगावला. तोच रामराजा. १७४९ च्या डिसेंबरात शाहू वारले. त्यांच्या राणी सकवारबाईंना हा वारस मान्य नव्हता. त्या सती गेल्या, आणि त्यांना सती जायला भाग पाडणारं दडपण पेशव्यांच्या बाजूने आलं असं ग्रँट डफपासून अनेकांनी लिहिलं आहे. १७०० मध्ये सती न जाता राज्य करणारी एक राणी, आणि पन्नास वर्षांनी तिच्याच डोळ्यांसमोर, राजकारणात आड येणारी दुसरी राणी चितेवर जाते. या दोन चितांमधलं अंतर दाखवणारा दिग्दर्शक मला भेटावा. रामराजा गादीवर आला. तो आपल्या ऐवजी नानासाहेब पेशव्यांचं ऐकतो असं दिसल्यावर १७५० च्या अखेरीस, चंपाषष्ठीच्या निमित्ताने, ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून कैद केलं. पुढे जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेऊन त्यांनी तो आपला नातू नसल्याचं सांगितलं. शाहूंना तोतया म्हणणारी राणी, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, स्वतः पुढे आणलेल्या मुलाला तोतया म्हणते. खरं काय होतं? याचं उत्तर चित्रपटाने देऊ नये. त्या शपथेच्या वेळी त्यांचा चेहरा कसा असेल, हे अभिनेत्रीवर सोडावं. पानिपत पाहून, नानासाहेबांच्याही मागे उरून, डिसेंबर १७६१ मध्ये त्या वारल्या. वय श्याऐंशी.

अशी राणी सरळ, साजरी, पूजनीय करता येत नाही. आणि तुमची खरी अडचण इथेच आहे, हे मला कळतं. ऐतिहासिक चित्रपट जाहीर झाला की वंशज, संघटना, जातीतले पुढारी, सगळे उभे राहतात. २०१५ साली काशीबाई आणि मस्तानी यांना पडद्यावर एकत्र नाचवलं तेव्हा केवढं वादळ उठलं ते आठवा. घराण्यातल्या बायका अशा नाचत नसत, हा आक्षेप खराच होता. पण मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर याचं पेशव्यांच्या घरात स्थान काय, या झगड्याबद्दल आक्षेप घेणाऱ्यांनी काही विचारलं नाही. तेव्हा या पत्रातून त्या संघटनांनाही सांगते. राणीने राजकारण केलं, डाव टाकले, शपथा घेतल्या आणि मोडल्या, यात घराण्याची बेअब्रू नाही. राजांनी हेच केलं तर आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. तुमच्या धाकापायी चित्रपटवाल्यांपुढे देवी किंवा कैदाशीण अशा दोनच वाटा उरतात, आणि नुकसान त्या बायकांचं होतं.

काम करायचं म्हटलं तर साहित्य आहे. शिवाजी विद्यापीठाने डॉ. अप्पासाहेब पवार यांच्या संपादनाखाली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ खंडांनी छापली आहेत. त्यांत सनदा आहेत, गडकऱ्यांना लिहिलेली पत्रं आहेत, वतनांचे तंटे आहेत. भाषा बघा त्यातली. राणी तिथे ‘सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल’ असलं काही बोलत नाही. दाणागोटा, शिबंदी, दारूगोळा, कोणाला किती मोकासा, कोण फितला, कोणाला परत घ्यावं याबद्दल ती लिहिते. संवादलेखकाने महिनाभर ते खंड वाचावेत, नंतर लेखणी धरावी. ‘काही प्रसंग काल्पनिक आहेत’ ही पाटी सुरुवातीला दाखवली की सगळं माफ, असं समजू नये. रचना करायला माझी हरकत नाही. सासू-सुनेच्या मालिकेतला प्रसंग उचलून पन्हाळ्यावर आणायला आहे.

कोल्हापूरची आठवणही तुम्हाला द्यावीशी वाटते. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी याच शहरात काढली. ते स्वतः चित्रकार, त्यामुळे पडद्यावरचा वाडा, पागोटं, शेला यांच्याकडे त्यांचं लक्ष चित्रकाराचं होतं. भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत वर्षानुवर्षं शिवकाल उभा केला आणि १९५४ मध्ये येसूबाईंवर स्वतंत्र चित्रपट केला. आज तुमच्याकडे त्यांच्या कित्येक पट पैसा आहे, संगणकावर अख्खा वेढा उभा करता येतो. त्या पैशातला थोडा अंबरखान्यातल्या धान्याच्या हिशोबावर खर्च करा, सज्जाकोठीच्या खिडकीतून दिसणाऱ्या खोऱ्यावर करा, पावसाळ्यात चार महिने धुक्यात बुडालेल्या गडावर करा. पन्हाळ्यावर जुलै-ऑगस्टात दहा हातांवरचं दिसत नाही. सोळा पावसाळे तिथे कैदेत काढणं म्हणजे काय, हे उन्हाळ्यातल्या चित्रीकरणात सापडणार नाही.

शेवटी तीन मागण्या, अगदी व्यवहारातल्या. चित्रपटाच्या जाहिरातीवर राजसबाईंचं नाव ताराबाईंच्या नावाच्या बरोबरीने छापा आणि ती भूमिका तितक्याच ताकदीच्या अभिनेत्रीला द्या. दोघींचे कपडे १७०० नंतरच्या विधवांचे ठेवा, बाजाराचं दडपण आलं तरी. आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी पटकथा एखाद्या मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाला मानधन देऊन वाचायला द्या. नंतर प्रसिद्धीसाठी व्यासपीठावर बोलावण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं होईल. पन्हाळ्यावर चित्रीकरणाला आलात तर आमच्या शाळेतल्या मुलांना एक दिवस बघायला येऊ द्या. त्यांचे प्रश्न मी तयार करून घेते.

आपली,
पन्हाळा तालुक्यातली इतिहासाची एक शिक्षिका